जंगलतोडीच्या काळात ओढ्याचे रक्षण : ग्रामसभेने काय करावे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि पाणी हा माणुसकीच्या हक्काचा प्रश्न आहे हे देशाला दाखवून दिले. पण ज्या पाण्यावर हक्क मिळाला, ते उगमापाशीच गढूळ होऊ लागले तर? पूर्व विदर्भातील जंगलालगतच्या गावांत काम करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत वनविभाग आणि वनविकास महामंडळ ठरवून दिलेल्या कूपांमध्ये सागासह इतर झाडांची तोड करतात. या कामावर अनेक मजुरांची चूल पेटते. म्हणून आमचा आक्षेप सरसकट तोडीला नाही, ती कशी केली जाते याला आहे.

नुकसान कसे होते?

अनेकांना वाटते, झाड पडले की पाणी बिघडते. प्रत्यक्षात बराचसा गाळ येतो तो लाकूड ओढून नेण्याच्या वाटांमधून आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या कच्च्या रस्त्यांमधून. तिथली माती दबून घट्ट होते, त्यामुळे पाऊस जमिनीत मुरत नाही. चाकोरीतून पाणी वेगाने धावते आणि माती घेऊन थेट ओढ्यात उतरते. माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात. फांद्या आणि सालपटे प्रवाहात कुजली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. काठावरची अर्जुन, जांभूळ, उंबराची झाडे गेली तर सावली जाते आणि काठही ढासळतो.

हाच गाळ पुढे मामा तलावात साचतो आणि त्याची साठवण घटते. धानाला पाणी कमी पडते. नळयोजना बंद असलेल्या वस्तीतील बाया ओढ्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरतात, त्या झिऱ्याचे पाणीही बिघडते. प्रतीत्यसमुत्पाद समजून घ्यायचा असेल तर कूपापासून घागरीपर्यंत चालत जावे. कारण वर असते, परिणाम खाली भोगावा लागतो.

काय पाहावे, काय मागावे?

१. तोड सुरू होण्याआधी ओढ्याच्या दोन्ही काठांवर राखीव पट्टा आखून झाडांवर खुणा कराव्यात. कार्य आयोजनेत नाल्याकाठासाठी काय तरतूद आहे, हे माहिती अधिकारातून मागवावे.

२. लाकूड ओढ्याच्या पात्रातून ओढू नये. ओलांडायचेच असेल तर एकच जागा ठरवावी आणि तिथला तात्पुरता भराव पावसाळ्यापूर्वी काढावा.

३. उताराच्या वाटांवर ठरावीक अंतराने आडवे चर काढून पाणी बाजूच्या पालापाचोळ्यात सोडावे.

४. माती ओली असताना वाहने नेऊ नयेत. डिझेल आणि करवतीचे तेल पाण्यापासून दूर ठेवावे.

५. फांद्या, साली पात्रात टाकू नयेत.

कायदा आपल्या बाजूने आहे

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नुसार, वनहक्कधारक असलेल्या क्षेत्रात पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत यांचे पुरेसे रक्षण होईल याची खात्री करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यासाठी ग्रामसभेला समितीही नेमता येते.

इथे आपले अनेक तरुण म्हणतात, "हा कायदा आदिवासींचा, आपला काय संबंध?" बिगर-आदिवासींना वैयक्तिक दाव्यासाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ही अट जाचक आहे, हे खरेच. पण ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ व्यक्ती. दावा मंजूर नसला तरी तिथे बसण्याचा, बोलण्याचा आणि ठराव मांडण्याचा अधिकार आपल्याला आहेच. आदिवासी बांधवांसोबत मिळून तो वापरला, तर ठरावाला वजन येते.

पाण्यात थुंकू नये, घाण करू नये, असा नियम विनयामध्ये भिक्खूंसाठी आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा वाद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी जोडला आहे. पाणी हा आपल्या परंपरेत कधीच किरकोळ विषय नव्हता.

म्हणून कूपात कुऱ्हाड पडण्याआधी ग्रामसभा बोलवा. ओढा काठाकाठाने चालून पाहा, मोबाइलवर तारखेसह फोटो काढा, ठराव लिहून वनरक्षकाकडे द्या आणि पोच घ्या. पहिल्या पावसानंतर पुन्हा जाऊन पाणी पाहा. ते गढूळ दिसले, तर हातातील पोच हाच आपला पुरावा असेल.

जय भीम!