मूल तिसरीत गेले, पण वाचते का?

हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात मूल पाच वर्षांचे झाले की घरात शाळेचा विषय निघतो आणि तो बहुतेक वेळा बोर्डापासून सुरू होतो. सीबीएसई की आयसीएसई, स्टेट बोर्ड चालेल का, फी किती, बस किती वाजता येते, मैदान आहे का. हे प्रश्न गैर नाहीत. पण एकदा प्रवेश झाला, गणवेश आला, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला, की पुढची काही वर्षे ज्या गोष्टीवर सतत लक्ष हवे तीच नजरेआड होते. मूल वाचायला शिकले का? कधीही न पाहिलेला मजकूर हातात दिला तर तो स्वतः वाचून त्यातले काय समजले ते सांगू शकते का? पहिली, दुसरी आणि तिसरी या तीन वर्षांचे मुख्य काम हेच आहे. ते झाले की नाही हे प्रगतिपुस्तकावरून सहसा कळत नाही. म्हणून ते पालकांनी घरी, स्वतः तपासायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरीवर एवढा भर का, याचे कारण चौथीच्या दप्तरात आहे. राज्य मंडळाच्या चौथीत ‘शिवछत्रपती’ हे परिसर अभ्यासाचे पुस्तक येते. त्यात माणसे, गडांची नावे, घटनांचा क्रम असे बरेच काही असते आणि ते मुलाने आपले आपण वाचावे अशी अपेक्षा असते. गणितात शाब्दिक उदाहरणे वाढतात. चार अंकी वजाबाकी बिनचूक करणारे मूल ‘दुकानदाराकडे किती पेट्या उरल्या’ या उदाहरणापाशी अडते, आणि घरी निष्कर्ष निघतो की गणित कच्चे आहे. शिकवणी लागते ती गणिताची. अडलेले असते ते वाचन. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले तेही याच कारणाने. 2026-27 पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीअखेर किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, अशी त्याची मोजपट्टी आहे. संख्यांच्या बाबतीत पहिलीत 99, दुसरीत 999 आणि तिसरीत 9999 पर्यंत वाचता-लिहिता यावे असे त्यात धरले आहे. पालकांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

प्रत्यक्षात चित्र काय आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावतात. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, असे चारच टप्पे. 2024 च्या पाहणीत देशभरातील ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे 27 टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. खासगी शाळांतले प्रमाण यापेक्षा बरे असले तरी निम्म्याच्या खालीच होते. याहून महत्त्वाची गोष्ट पाचवीची आहे. तीच दुसरीची गोष्ट पाचवीतल्याही निम्म्या मुलांना धड वाचता आली नाही. ‘होईल हळूहळू, वय वाढले की येईल’ हे घरोघरी ऐकू येणारे समाधान इथे उघडे पडते. काही मुलांचे होते, पण फार मोठ्या संख्येने मुले मागे राहतात ती राहतातच, आणि वर्ग मात्र पुढे सरकत राहतात.

मग हे प्रगतिपुस्तकात का दिसत नाही? शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. त्यानंतर प्राथमिक वर्गांत नापास करणे थांबले आणि आकारिक-संकलित मूल्यमापन व श्रेणी आल्या. यामागचा विचार चांगलाच होता. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या कपाळावर नापासाचा शिक्का मारून कुणाचे भले झालेले नाही. पण श्रेणी तोंडी काम, उपक्रम, वही, चाचणी अशा अनेक गोष्टी मिळून ठरते. शिवाय पहिली-दुसरीचे पाठ इतक्या वेळा वर्गात म्हटले जातात की मुलांना ते पाठ होतात. बोट ओळीवरून सरकत असते आणि डोळे शिक्षकांकडे असतात. अशा मुलाला अ-1 किंवा अ-2 सहज मिळू शकते. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात उत्तीर्ण न होणाऱ्याला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे पहिलीपासून साचत गेलेली उणीव कागदावर पहिल्यांदा उमटते ती पाचवीत, मुलाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी. तोवर चार वर्षे हातची गेलेली असतात.

हिंजवडीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो तो भाषेमुळे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन टप्प्यांभोवती वसलेल्या सोसायट्यांत एका मजल्यावर मराठी, तेलुगू, हिंदी, मल्याळम् घरे शेजारी-शेजारी असतात आणि त्यांची मुले बहुतेक इंग्रजी माध्यमात जातात. इंग्रजीत वाचन शिकणे मुळातच सावकाश होते. युरोपातल्या अनेक भाषांतील मुलांचे वाचन तपासणारा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित स्पेलिंग असलेल्या बहुतेक भाषांत मुले पहिले वर्ष संपेपर्यंत शब्द नीट वाचू लागतात, इंग्रजीत त्याच टप्प्यावर पोचायला दुपटीहून जास्त काळ लागतो, असे त्यात दिसले. तीही घरात इंग्रजीच बोलणारी मुले होती. आपल्याकडच्या मुलाला लिपी, शब्द आणि अर्थ या तिन्ही गोष्टी एकदम नव्या असतात. फोनिक्सच्या सरावामुळे ते वाक्य झरझर वाचते, उच्चारही छान असतात, पालक खूश होतात. मग विचारावे, ‘हे वाचलेस त्याचा अर्थ काय?’ अनेकदा उत्तर येत नाही. हा आवाज काढण्याचा सराव झाला. वाचन अजून व्हायचे आहे.

मराठी लिपीत हे सगळे आपोआप सुटते असेही नाही. बाराखडी आली म्हणजे वाचन आले हा समज चुकीचा आहे. कन्नड मुलांवरचे सोनाली नाग यांचे 2007 मधले संशोधन सांगते की आपल्या लिप्यांमध्ये अक्षरे आत्मसात होण्याचे काम तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. मराठीतही ‘कमळ’, ‘बदक’ लवकर जमते. ‘सूर्य’मधला रफार, ‘म्हातोबा’मधला म्हा, ‘स्वच्छ’मधली दोन जोडाक्षरे यांना वेळ लागतो. दुसरीतले मूल जोडाक्षरापाशी थांबत असेल तर घाबरायचे कारण नाही. ते थांबणे तिसरीच्या दिवाळीतही तसेच असेल तर मात्र काळजी घ्यायला हवी.

इथे एक आक्षेप हमखास येतो. उद्या नोकरी इंग्रजीतच करायची आहे, मग घरी मराठी किंवा तेलुगू वाचनात वेळ कशाला घालवायचा? इंग्रजी यायला हवे याबद्दल वाद नाही. पण वाचून समजण्याची क्षमता एका भाषेत पक्की झाली की दुसरीत ती कामी येते, हे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडले आणि तेव्हापासून द्वैभाषिक शिक्षणाच्या चर्चेत हे मत वजनदार ठरले आहे. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, कारण शोधणे, न सांगितलेले ओळखणे या गोष्टी मूल ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत लवकर शिकते. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. तशी शाळा हिंजवडीतल्या सगळ्यांना मिळणार नाही, माध्यम बदला असे सांगण्यातही अर्थ नाही. घरातले वाचन मात्र घरच्या भाषेत ठेवणे आपल्या हातात आहे. शिवाय महाराष्ट्राच्या 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. त्या तासाकडे गुण मिळवण्याचा विषय म्हणून पाहण्याऐवजी वाचन पक्के करण्याची संधी म्हणून पाहावे.

दुसरा आक्षेप वेळेचा. आई-बाबा दोघे कंपनीत, घरी यायला आठ वाजतात. एवढी फी भरतो ती शाळेने शिकवावे म्हणूनच ना? तक्रार रास्त आहे, पण साधे गणित करून पाहावे. वर्गात 40 मुले आणि तास 35 मिनिटांचा. शिक्षिकेने दुसरे काहीही न करता प्रत्येकाचे वाचन ऐकायचे ठरवले तरी एकेकाच्या वाट्याला पुरते मिनिटही येत नाही. कितीही चांगली शाळा असली तरी हे गणित बदलत नाही. ऐकणारा एक माणूस घरी लागतो, आणि ते आजी-आजोबाही असू शकतात. वेळेचा आणखी एक हिशेब शाळा निवडतानाच करावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन हवे. भूमकर चौक आणि शिवाजी चौकातल्या कोंडीतून जाताना तास, येताना तास असा बसप्रवास असेल, तर वर्षाला 400 तास, म्हणजे अध्यापनाच्या निम्मा वेळ, बसमध्ये जातो. बालवाडी ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितले ते मुलांच्या झोपेसाठी; लांबचा बसप्रवास तीच झोप खातो. लांबची नामांकित शाळा आणि जवळची साधी पण बरी शाळा यात निवड करायची झाली तर लहान वर्गांसाठी मी जवळच्या शाळेच्या बाजूने आहे.

तपासायचे कसे? पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे. मुलाने न पाहिलेले छोटे गोष्टीचे पुस्तक किंवा वर्तमानपत्रातला लहान मुलांचा मजकूर घ्यावा. शेजारी बसावे, समोर नको, कारण समोर बसले की परीक्षा वाटते. मूल अडले तर तीन-चार सेकंद थांबावे, मग शब्द सांगून टाकावा आणि पुढे जाऊ द्यावे. दर चुकीला टोकले की मूल अर्थ सोडून चुका टाळण्याच्या मागे लागते. वाचून झाल्यावर प्रश्न दोन प्रकारचे विचारावेत. समजा वाक्य असे आहे: ‘रात्री पाऊस झाला आणि सकाळी बंडूची ओट्यावरची चप्पल दिसेना.’ चप्पल कुठे होती, याचे उत्तर वाक्यातच आहे. चप्पल कुठे गेली असेल, याचे उत्तर मुलाला जोडून काढावे लागते. पहिले येते आणि दुसरे येत नाही, असे वारंवार होत असेल तर वाचनाचा वेग कितीही असला तरी समज मागे आहे असे धरावे आणि रोज पंधरा मिनिटे गोष्टीवर गप्पा माराव्यात. याला गृहपाठ मानू नये. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास आहे.

एवढे लक्ष घालणे म्हणजे मुलावर दडपण आणणेच, असे म्हणणारेही आहेत, आणि ते फिनलंडकडे बोट दाखवतात. तिथे शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे खरे. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून पाने भरून लिहून घेण्याच्या विरोधात ते उदाहरण अगदी योग्य आहे. नर्सरीत लेखनाची घाई करणाऱ्या शाळांना पालकांनी जाब विचारायला हवा. पण फिनिश भाषा जशी बोलतात तशी लिहितात, तिथे वर्गात मुले कमी असतात आणि मागे पडणाऱ्या मुलाला शाळेतच वेगळी मदत मिळते. आपल्याकडे ती मदत बहुतेक वेळा नसते. त्यामुळे लक्ष न ठेवणे हा मोकळेपणा ठरत नाही. रागावणे, तुलना करणे, पाहुण्यांसमोर वाचून दाखवायला लावणे हे दडपण आहे आणि ते टाळलेच पाहिजे.

सोसायट्यांच्या पलीकडे बांधकामांवरच्या मजूर वस्त्यांतली मुलेही याच परिसरात वाढतात. त्यांच्या आईवडिलांना शिक्षण हक्क कायद्याने दिलेले हक्क त्यांच्यापर्यंत पोचायला हवेत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्ष सुरू झाल्यावरही प्रवेश द्यावा लागतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही एवढ्यावरून मुलाला बाहेर ठेवता येत नाही. पुण्यात ‘डोअर स्टेप स्कूल’सारखी संस्था अशा मुलांसाठी अनेक वर्षे काम करते आहे. आईला स्वतःला वाचता येत नसले तरी बिघडत नाही. मूल वाचते तेव्हा ऐकणे आणि ‘मग काय झाले?’ विचारणे तिला येते. राज्याच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात माता गट केले गेले ते याच भरवशावर. जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीत रंगरंगोटीबरोबर तिसरीतली किती मुले वाचतात हाही विषय निघायला हवा.

प्रयत्न करूनही तिसरीच्या मध्यापर्यंत वाचन जमत नसेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तिथे काही सापडले नाही तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. आळशीपणाचा ठपका ठेवण्याआधी एवढे करणे मुलाचे देणे आहे. आणि तुमचे मूल दुसरी-तिसरीत असेल तर पुढच्या पालकसभेची वाट पाहू नका. येत्या रविवारी एक नवे पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसा, आणि जे दिसेल ते सोमवारी वर्गशिक्षिकेला मोकळेपणाने सांगा.