संकेतस्थळावरील पॉप-अप आणि त्यांची वर्ज्य स्थाने

पॉप-अप ह्या नावाने ओळखली जाणारी चौकट पडद्यावर वाचन करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. वाचक पृष्ठ उघडून दोन-चार ओळी वाचतो न वाचतो तोच मजकूर झाकून ती पुढे येते. वार्तापत्राचे सभासद व्हा, सवलतीचा लाभ घ्या, आपले मत नोंदवा, अशी काही विनंती तीत असते. तिच्याविषयी तक्रार करणे सोपे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तो नव्हे. एखाद्या संस्थेने अशी चौकट ठेवावयाचे ठरविलेच, तर ती कोणत्या पृष्ठांवर मुळीच येऊ देऊ नये, आणि हा निर्बंध व्यवहारात टिकावा कसा, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

ह्या चौकटीचा उगम पाहिला असता एक विलक्षण गोष्ट आढळते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ट्रायपॉड ह्या अमेरिकन संकेतस्थळावर कोणासही स्वतःची पृष्ठे मांडता येत, आणि त्या पृष्ठांवर जाहिराती दाखविल्या जात. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पृष्ठावर झळकली आणि कंपनी बिथरली. तेव्हा तेथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन ह्यांनी जाहिरात पृष्ठावर न ठेवता वेगळ्या खिडकीत उघडणारी आज्ञावली लिहिली. हेतू हा की, जाहिरातदाराचे नाव त्या पृष्ठाच्या आशयाशी जोडले जाऊ नये. २०१४ साली ‘द अटलांटिक’ मधील लेखात त्यांनी ही हकीकत सांगितली व झाल्या गोष्टीबद्दल क्षमाही मागितली. म्हणजे कोणत्या पृष्ठावर काय दिसू नये, ह्या चिंतेतूनच पॉप-अप जन्मास आला. ती चिंता जाहिरातदाराची होती, वाचकाची नव्हे, एवढाच काय तो फरक.

पुढे ब्राउझरांनी ह्या स्वतंत्र खिडक्यांना आळा घातला. ऑपेरा व मोझिला ह्यांनी तो आधी घातला, आणि २००४ साली विंडोज एक्स्पीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्स्प्लोररमध्येही तशी सोय आली. वाचकाने स्वतः काही दाबल्याखेरीज उघडू पाहणारी खिडकी अडवावी, हे त्यामागील सूत्र होते. परंतु आज दिसणारी चौकट ही वेगळी खिडकीच नसते. ती पृष्ठाच्या आतच, उरलेल्या मजकुरावर चढविलेला एक थर म्हणून रेखाटलेली असते, आणि पृष्ठाचा खरा आशय कोणता व वरून घातलेले झाकण कोणते हे ब्राउझरला खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे निवड करण्याची जबाबदारी ब्राउझरकडून संकेतस्थळाच्या चालकाकडे आली आहे.

बाहेरचे नियम त्यास फार दूरवर साह्य करीत नाहीत. भ्रमणध्वनीवर शोध घेऊन वाचक ज्या पृष्ठावर उतरतो, ते चौकटीने झाकलेले असल्यास शोधफलितांतील त्याचा क्रम खालावू शकेल, असा नियम गूगलने ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर केला व तो १० जानेवारी २०१७ पासून लागू झाला. कायद्याने आवश्यक अशी संमती किंवा वयाची खातरजमा ह्यांना त्यातून सूट आहे. पण हा नियम उतरण्याच्या पहिल्या पृष्ठापुरता आहे. तेथून आत गेलेला वाचक शुल्क भरीत असेल, तर त्या पृष्ठाशी गूगलला कर्तव्य नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील तेरा प्रकारांत, पुनःपुन्हा विनंत्या व व्यत्यय आणून ग्राहकास त्रस्त करणे हाही एक प्रकार गणला आहे. परंतु त्या तत्त्वांचा रोख व्यापारी व्यवहारांवर आहे. शिक्षणसंस्था, ग्रंथालय, रुग्णालय ह्यांच्या चालकांना आपला नियम आपणच करणे भाग आहे.

तो कोणत्या तत्त्वावर करावा? प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्न एकच विचारावयाचा: ह्या पृष्ठावर आलेल्या माणसाच्या हाती कोणते काम आहे, आणि ते मध्येच तुटले तर नुकसान कोणाचे होते? विद्यापीठाचेच संकेतस्थळ घेऊ. विभागाचा परिचय किंवा व्याख्यानाचे वृत्त वाचणारा मनुष्य चौकट आल्यास फार तर कंटाळेल. प्रवेश-अर्ज भरणाऱ्याची स्थिती निराळी असते. त्याने अर्धा अर्ज भरलेला असतो, काही विशिष्ट मिनिटांनंतर त्याचे सत्र संपणार असते, आणि चौकट मिटविण्याच्या प्रयत्नात चुकून पृष्ठ बदलले तर भरलेले सारे जाण्याचा संभव असतो. शुल्कभरण्याच्या पृष्ठावर तर बँकेकडून आलेला ओटीपी थोडाच वेळ वैध असतो; नेमकी तो लिहिण्याची जागा झाकली गेली, तर पैसे गेले की राहिले ह्या संभ्रमात विद्यार्थी पडतो. निकालाच्या दिवशी खेड्यातील मंद जोडणीवर पृष्ठ उघडू पाहणाऱ्यास चौकटीची चित्रे व आज्ञावली ह्यांचा बोजाही सोसावा लागतो. ग्रंथसूचीत शोध घेणारा, परीक्षाकेंद्राचा पत्ता पाहणारा, रात्री वसतिगृहातून तातडीचा दूरध्वनी क्रमांक शोधणारा, हे सर्व त्याच वर्गातले. गंमत अशी की, चौकट लावणाऱ्यास हीच पृष्ठे सर्वांत मोहक वाटतात, कारण गर्दी तेथेच असते.

आता अंमलबजावणीकडे वळू. खरी अडचण तेथेच आहे. सामान्य प्रघात असा की, चौकट सर्व पृष्ठांवर लावावयाची व जी पृष्ठे वगळावयाची त्यांच्या पत्त्यांची वर्ज्ययादी करावयाची. ही पद्धत आरंभी पुरेशी वाटते, पण ती मुळातच उलटी आहे. संकेतस्थळ वाढत असते. जूनमध्ये नवा अर्ज येतो, पुरवणी परीक्षेचे नवे पृष्ठ तयार होते, आणि यादीत भर घालण्याचे कोणास स्मरत नाही. ज्या पृष्ठाचा विसर पडला तेथे चौकट आपोआप अवतरते. ह्याउलट अनुमतियादी केली, म्हणजे नाव घेऊन परवानगी दिलेल्या पृष्ठप्रकारांवरच चौकट येईल असे ठरविले, तर विसराचा परिणाम एवढाच होतो की, एखाद्या पृष्ठावर ती येत नाही. चूक दोन्हीकडे होणारच; ती कोणाच्या अंगावर यावी, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून परवानगी पत्त्यांना न देता पृष्ठाच्या प्रकारास द्यावी. वृत्त, लेख, परिचय असे प्रकार साच्यातच नमूद केलेले असले, की नवे पृष्ठ निर्माण होतानाच त्याचा निर्णय झालेला असतो. शुल्कभरण्यासाठी विद्यार्थी दुसऱ्याच संस्थेच्या पृष्ठावर जाऊन परत येतो, त्या परतीच्या पृष्ठाचाही प्रकार ठरविण्यास विसरू नये.

पत्त्यांवर विसंबण्यात मराठी संकेतस्थळांना आणखी एक धोका आहे. देवनागरी अक्षरांचा पत्ता जाळ्यावरून जाताना युटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीने रूपांतरित होतो. ‘निकाल’ ह्या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. प्रत्येकाचे तीन बाइट, व प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे तो लहानसा शब्द पत्त्यात पंचेचाळीस अक्षरांचा होतो. नियमात देवनागरी शब्द लिहिला आणि तुलना मात्र रूपांतरित पत्त्याशी झाली, तर दोहोंचा मेळ बसत नाही, आणि वगळलेले पृष्ठ वगळले जात नाही. ‘दुसऱ्या फेरीचे प्रवेश’ ह्यातील ‘ऱ’ तर युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो, आणि ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास ते भिन्न शब्द वाटतात. तुलनेपूर्वी दोन्ही बाजूंचे प्रमाणीकरण न केल्यास हा दोष महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही.

काही संकेतस्थळांत एका पृष्ठावरून दुसऱ्यावर जाताना नवे पृष्ठ मागविलेच जात नाही; आहे त्याच पृष्ठातील मजकूर बदलला जातो. तेथे पॉप-अपची आज्ञावली प्रथम उघडताना एकदाच तपास करीत असेल, तर मुख्य पृष्ठावर मिळालेली परवानगी अर्जाच्या पृष्ठापर्यंत सोबत येते. विशेषतः ‘तीस सेकंदांनंतर दाखवा’ अशा विलंबाने येणाऱ्या चौकटी ह्याच मार्गाने नको तेथे पोचतात. तपास चौकट दाखविण्याच्या क्षणी पुन्हा झाला पाहिजे. तसेच ‘एकदा मिटविली की पुन्हा नको’ हे स्मरण कुकीमध्ये ठेवतात, पण २०१९ पासून सफारी ब्राउझर पृष्ठावरील आज्ञावलीने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणतो. आठवड्याहून अधिक काळाने परतणाऱ्या वाचकास तीच चौकट नव्याने भेटते.

दृष्टिहीन वाचकाची अडचण ह्याहून गंभीर आहे. तो पडदावाचकाच्या साह्याने कळफलकावर चालतो. चौकट आली तरी कळफलकाचे लक्ष मागच्या झाकलेल्या मजकुरातच राहिले, तर त्याला काय घडले ते कळत नाही. लक्ष चौकटीत गेले आणि बाहेर येण्याची कळ नसली, तर तो तेथेच अडकतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यताविषयक तत्त्वांत कळफलकास कोंडणारी रचना किमान पातळीवरच निषिद्ध मानली आहे. आणीबाणी वगळता इतर व्यत्यय वाचकास पुढे ढकलता वा बंद करता यावेत, ही अपेक्षा मात्र तेथे सर्वोच्च पातळीवर ठेविली आहे. ती खालच्या पातळीवर असावयास हवी होती असे वाटते.

ह्यावरून कामाच्या पृष्ठांवर कोणतीच चौकट नको, असा निष्कर्ष निघत नाही. सत्र दोन मिनिटांत संपेल अशी सूचना, न जतन केलेला अर्ज सोडण्यापूर्वीचा प्रश्न, कायमचे काही खोडण्यापूर्वीची खातरजमा, ह्या चौकटी हातच्या कामातूनच उद्भवतात व त्याचे रक्षण करतात. तेव्हा भेद पृष्ठाबरोबर कारणाचाही आहे: व्यत्यय अभ्यागताच्या कामातून आला, की संस्थेच्या इच्छेतून? पहिल्या प्रकारास कोठेही वाव असावा. दुसऱ्यास अनुमतियादीबाहेर थारा नसावा.

राहिला प्रश्न मोजमापाचा. चौकटीमुळे किती सभासद मिळाले हे तिची आज्ञावली स्वतःच मोजून सांगते. किती जण उठून गेले हे ती सांगत नाही. त्यासाठी काही अभ्यागतांना चौकट मुळीच न दाखविता त्यांचे वर्तन इतरांशी ताडून पाहावे लागते, आणि तुलना सभासदसंख्येची नव्हे, तर पूर्ण झालेल्या कामांची करावी लागते. पण पूर्ण झालेल्या शुल्कभरण्याची नोंद वित्त विभागाकडे असते आणि वार्तापत्राच्या सभासदांची जनसंपर्क विभागाकडे. ह्या दोन नोंदी एका तक्त्यात मांडल्याखेरीज त्या तुलनेस आरंभही होत नाही.