सतरंजी अंथरण्यापूर्वीचा संशय

वसईत दिवस लवकर सुरू होतो. पहाटेचा अंधार पुरता ओसरण्यापूर्वीच रिक्षा स्थानकाच्या दिशेने धावू लागतात, डबे भरले जातात, घरातील एकेक माणूस घड्याळाकडे पाहत उंबरठा ओलांडतो. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे 52 किलोमीटरचे आहे. रोज ते दोनदा कापणाऱ्या माणसाच्या पाठीला, मानेला आणि मनाला काय सोसावे लागते, हे गर्दीच्या डब्यात उभे राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. घरी राहणाऱ्यांचाही दिवस या वेळापत्रकाशीच बांधलेला असतो. अशा घरात योगवर्गासाठी स्वतंत्र प्रवास करणे बहुतेकांना परवडत नाही. सांताक्रूझच्या जुन्या योगसंस्थेत जायचे, तरी विरार गाडीने अंधेरी गाठून तेथे गाडी बदलावी लागते.

टाळेबंदीच्या काळात ही अडचण एका वेगळ्याच मार्गाने सुटली. 2020 च्या आंतरराष्ट्रीय योगदिनाचे सूत्रच ‘घरी योग, कुटुंबासह योग’ असे होते. शिक्षक मोबाइलच्या पडद्यावर आले आणि दिवाणखान्यातील टेबल बाजूला सरकवून लोक सतरंजी अंथरू लागले. टाळेबंदी उठली, तरी ही सवय पुष्कळ घरांत टिकली. आता प्रवास नाही, कपडे बदलून बाहेर जाणे नाही, शुल्कही तुलनेने कमी. तरीही आपण कदाचित अजून सुरुवात केली नसेल, किंवा दोन-चार दिवसांनी वर्ग सोडला असेल. वेळ नाही, हे कारण आपण इतरांना सांगतो. मनातील कारण बहुधा निराळे असते: ‘मला हे जमणार नाही.’

जुनाच अडथळा

पडद्यावरील वर्गात हा संशय अधिक टोकदार होतो. एका चौकटीत शिक्षिकेची लवचीक काया दिसते आणि शेजारच्या चौकटीत आपण स्वतः. पायाच्या अंगठ्याऐवजी गुडघ्यापाशीच अडलेला हात, वर सरकलेला कुर्ता, मागे दोरीवर वाळणारे कपडे, मध्येच डोकावणारे मूल, हे सारे आपल्याला एकदम दिसते. प्रत्यक्ष वर्गात कोणी स्वतःला असे सतत न्याहाळत नाही. मग हात आपोआप कॅमेरा बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गच बंद होतो.

हा दुबळेपणा केवळ आपलाच आहे, असे मानू नका. पतंजलींच्या योगसूत्रांत साधनेच्या मार्गातील नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांत पहिला क्रम आजाराचा, दुसरा मनाच्या जडत्वाचा आणि तिसरा संशयाचा आहे. आळस त्यानंतर येतो. म्हणजे ज्याला आपण स्वतःचा आळस म्हणून दोष देतो, त्याच्या आधी पुष्कळदा संशय उभा असतो. तो साधकाला येणारच, हे त्या परंपरेने गृहीत धरलेले आहे.

मात्र शंका आणि संशय यांत फरक करायला हवा. शंका प्रश्न विचारते आणि उत्तर शोधते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साह्याने तपासून पाहिले. परंपरेवर त्यांची श्रद्धा होती, तरीही त्यांनी प्रश्न विचारला. संशय मात्र प्रयोग न करताच निकाल देतो. ‘मला जमेल का?’ ही शंका आहे; तिचे उत्तर पंधरा दिवसांच्या अभ्यासातून मिळू शकते. ‘मला जमणारच नाही’ हा संशय आहे, आणि त्याला उत्तर नकोच असते.

दुरून शिकता येते का?

पडद्यावरून शिकलेला योग खरा का, असा आक्षेप आपल्या घरातील वडीलधारी मंडळी घेतील. तो अगदीच निराधार नाही. परंतु गुरूपासून दूर राहून घरी शिकण्याची वाट आजची नाही. श्रीयोगेंद्रांनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्यास योगसंस्था सुरू केली, ती मुख्यतः संसारी माणसांसाठी. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1934 मध्ये स्त्रियांच्या योगिक व्यायामावर पुस्तक लिहिले. ज्या स्त्रीला घराबाहेर पडून शिकणे दुरापास्त होते, तिच्यापर्यंत ते विद्येला घेऊन जाणारे साधन होते. पुढे 1966 मध्ये पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे ‘लाइट ऑन योग’ प्रसिद्ध झाले. त्यातील जवळपास 600 छायाचित्रे पाहून जगभरातील कितीतरी लोकांनी आपले पहिले आसन केले. छापील चित्र तर आपल्याला पाहूही शकत नाही. पडद्यावरील शिक्षिका निदान ‘डावा गुडघा थोडा वाकवा’ असे सांगू शकते.

त्याच पुस्तकाच्या शेवटी आसनांचा जो क्रम दिला आहे, तो सुमारे 300 आठवड्यांचा आहे. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा! तिसऱ्या दिवशी हात अंगठ्याला लागला नाही म्हणून खंतावणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

अय्यंगार यांचे स्वतःचे आयुष्य या विषयाला फार जवळचे आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, आई आजारी असताना, कर्नाटकातील बेळ्ळूर येथे त्यांचा जन्म झाला. हिवताप, विषमज्वर, क्षय आणि कुपोषण यांनी त्यांचे बालपण पोखरले होते. मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते म्हैसूरला शिकू लागले, तेव्हा त्यांचे शरीर ताठर आणि अशक्त होते. 1937 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पुण्यास शिकवायला आले. मराठी येत नव्हते, इंग्रजी जेमतेम होते आणि समोरचे विद्यार्थी वयाने व शिक्षणाने मोठे होते. आत्मविश्वास वाटू लागल्यावर शिकवू, असे म्हणत ते थांबले असते तर कदाचित थांबलेच असते. त्यांनी तासन् तास स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. वाकत नसलेल्या शरीराला आधार कसा द्यावा, हे शोधता शोधता पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आणि दोर यांची ती पद्धती उभी राहिली, जिचा आज म्हातारी आणि आजारी माणसेही लाभ घेतात. स्वतःच्या मर्यादा ठाऊक असलेला माणूसच इतरांसाठी अशी सोय करू शकतो.

विश्वास कशातून येतो?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘स्वक्षमतेवरील विश्वास’ ही संकल्पना मांडली. अमुक एक काम मला करता येईल, ही खात्री माणसात कोठून येते, याचे त्यांनी चार स्रोत सांगितले. आपल्या सतरंजीवर ते चारही तपासून पाहता येतात.

पहिला आणि सर्वांत बळकट स्रोत म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. म्हणून सुरुवातीचे काम इतके लहान असावे की ते पुरे होणारच. पाऊण तासाचा वर्ग अर्ध्यावर सोडण्यापेक्षा दहा मिनिटांचा अभ्यास संपवून उठणे मनाला अधिक बळ देते.

दुसरा स्रोत आपल्यासारख्याच माणसाचे उदाहरण हा होय. विशीतील लवचीक तरुणीकडे पाहून पन्नाशीच्या गृहिणीला धीर येत नाही; तिच्याच वयाची, तिच्याच गुडघेदुखीची कोणी खुर्चीवर बसून आसन करताना दिसली, तर येतो. वर्ग निवडताना म्हणूनच आपल्या वयाचा गट पाहावा.

तिसरा स्रोत विश्वासाच्या माणसाचे शब्द. येथे कुटुंबाची कसोटी लागते. ‘आता या वयात कशाला?’ किंवा ‘बघा, आई उंट झाली!’ या घरगुती विनोदांनी किती सतरंज्या कायमच्या गुंडाळल्या गेल्या असतील! आपल्या घरात कोणी अभ्यासाला बसत असेल, तर त्या अर्ध्या तासात दूरदर्शन संच बंद ठेवणे आणि दाराची घंटा वाजल्यास आपण उठणे, एवढी मदत कौतुकाच्या दहा वाक्यांहून मोलाची आहे.

चौथा स्रोत म्हणजे शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. छातीत धडधडले की भित्रे मन ‘झेपत नाही’ असे म्हणते. श्वास सावकाश सोडत असताना हृदयाची गती किंचित उतरते, हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. आसनात श्वासाकडे लक्ष दिल्यास ही उतरती गती जाणवू लागते आणि धडधड म्हणजे संकटच नव्हे, हे शरीर स्वतःच मनाला पटवून देते. मात्र छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा दम लागून न थांबणे, ही वेगळी गोष्ट आहे. तेथे अभ्यास थांबवून डॉक्टरांना गाठलेच पाहिजे.

घरातील मांडणी

शिक्षक निवडताना त्यांचे प्रशिक्षण कोठे झाले, हे निःसंकोच विचारा. नामांकित संस्थेचे किंवा आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र असणे चांगले. पहिल्याच भेटीत ते आपल्या आजारांविषयी विचारतात का, एका वेळी किती विद्यार्थी घेतात, शक्य असल्यास मराठीत सूचना देतात का, हेही पाहा. वाकलेल्या अवस्थेत परक्या भाषेतील सूचना उलगडत बसणे कठीण असते.

स्वतःची चौकट स्वतःला न दिसण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते; ती वापरावी. कॅमेरा मात्र चालू ठेवावा, कारण शिक्षकाला आपण दिसलो नाही, तर चूक कोण दुरुस्त करणार? फोन हातात न धरता भिंतीला टेकवून थोडा दूर, कमरेच्या उंचीवर ठेवावा. गुळगुळीत लादीवर नुसती चादर घसरते. पावसाळ्यात वसईची दमट हवा रबरी मॅटही ओलसर करते. तेव्हा ती पुसून घ्यावी. पट्ट्याऐवजी जुनी ओढणी, ठोकळ्याऐवजी जाड पुस्तकांचा घट्ट बांधलेला गठ्ठा आणि न हलणारी लाकडी खुर्ची, एवढी सामग्री पुरते.

काही गोष्टी मात्र पडद्यावर विसंबून करू नयेत. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन अशी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. गर्भवतींनी, तसेच हर्निया व उच्च रक्तदाब असलेल्यांनी कपालभातीसारख्या जोरकस क्रिया करू नयेत. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा मणक्यातील चकती सरकली असेल, तर जोर लावून पुढे वाकणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या अनुमतीखेरीज आरंभ करू नये. आणि चालू असलेले औषध योगाच्या भरवशावर कधीही बंद करू नये.

योगाने सर्व काही साधते, अशीही भाबडी समजूत नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. संथ आसनांनी ती गरज पुरती भागत नाही. सकाळी योग जमला, तर संध्याकाळी किल्ल्याच्या वाटेने किंवा सुरुच्या किनाऱ्यावर झपझप चालून यावे. तसेच मनाची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकत असेल, झोप आणि भूक हरवली असेल, जगणे निरर्थक वाटत असेल, तर ते सामान्य संशयाच्या पलीकडचे आहे. अशा वेळी शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे बोलणे हा कमीपणा नाही.

पुढील अंकापर्यंत

या पाक्षिकाचा पुढचा अंक येण्यास पंधरा दिवस आहेत. तेवढाच एक प्रयोग करून पाहावा. रोज दहा मिनिटे: एक मिनिट ताठ उभे राहून ताडासन, दोन मिनिटे भिंतीला तळवे टेकून, पाठ लांबवत हळूहळू झुकणे, दोन मिनिटे मार्जारासन, आणि गुडघे दुखत असल्यास तेच खुर्चीवर बसून, दोन मिनिटे खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंना हलका पीळ, शेवटची तीन मिनिटे शवासनात श्वास पाहणे. यांतील कोणत्याही कृतीत वेदना सोसायची नाही. एखाद्या वर्गात नाव घातले असेल, तर तेथे जाण्यापूर्वीची ही तयारी समजा.

रोज अभ्यास संपला की भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेवर एक टिंब द्या. किती वाकलो, हे लिहू नका. बसलो, एवढेच नोंदवा. एखादा दिवस चुकला, तर ती तारीख कोरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो, असे योगशास्त्र सांगते. त्यातील आदर हा स्वतःच्या शरीराविषयीही असायला हवा.

पंधरा दिवसांनी टिंबे मोजा. नऊ असोत वा चौदा, ‘मला जमणार नाही’ या वाक्याला आपण आपल्याच हाताने दिलेले ते उत्तर असेल.