देव्हाऱ्यातील टाक आणि सोनाराचा ठसा

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली, म्हणजे जुन्या पेठांतील सोनारांच्या दुकानांत एक निराळेच गिऱ्हाईक येऊ लागते. त्याला अंगठी नको असते, पाटल्या नको असतात, सोन्याचा भावही ते विचारीत नाही. लाल फडक्यात जपून बांधलेले काहीतरी ते गादीवर ठेवते आणि सांगते, “देव उजळून हवेत.” फडके सोडले की आतून काळवंडलेले चांदीचे पाच-सात टाक बाहेर येतात. त्या घरी नवरात्र बसावयाचे असते. आणि देव एकदा विड्याच्या पानावर बसले, की कुळाचाराप्रमाणे ते उठेपर्यंत त्यांना हलवावयाचे नसते. म्हणून ही घाई.

टाक म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील कुळाचार पाळणाऱ्या घरांना सांगावयास नको. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पातळ पत्रा, बहुधा चौकोनी, वर थोडा कमानदार. त्यावर उठावाने काढलेली कुलदैवताची आकृती आणि मागून बसविलेला दुसरा पत्रा. घोड्यावर स्वार झालेला, हाती खड्ग घेतलेला खंडोबा, त्याच्यामागे बसलेली म्हाळसा, घोड्याच्या पायाशी मणी-मल्ल आणि सोबतीला कुत्रा. महिषासुराचे मर्दन करणारी तुळजाभवानी. जोतिबा, भैरोबा, जोगेश्वरी. मूर्तिशास्त्राचा ग्रंथ कधी न पाहिलेल्या आजीबाईंनाही हे सारे अंगठ्याच्या स्पर्शाने ओळखता येते. लग्नानंतरच्या गोंधळात चौरंगावर हेच टाक मांडले जातात, तळी भरताना तेच ताम्हनात येतात आणि चंपाषष्ठीला भंडाऱ्याने तेच पिवळे होतात.

दागिना घडविणारा सोनार गिऱ्हाइकाला आधी वजन विचारतो. टाक घडविणारा सोनार वजन मागाहून विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, “आपल्याकडे देव कोणते?” खंडोबा एकटा की म्हाळसेसह? देवी अष्टभुजा की चतुर्भुजा? वीर आहे काय? मुंजा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून जाणता कारागीर हातोडी उचलीत नाही. कारण टाक म्हणजे निव्वळ देवाची प्रतिमा नव्हे. त्या विशिष्ट घराने पूजिलेल्या देवाची ती प्रतिमा होय.

ती घडविण्याची रीतही जुनी आहे. चांदीचा पत्रा बागेसरीच्या निखाऱ्यावर तापवून मऊ करावयाचा, कारण ठोकून ठोकून चांदी कडक होते आणि ताव दिला नाही तर तडकते. मग तो पत्रा ठशावर ठेवावयाचा. ठसा म्हणजे देवाची उलटी, खोलगट आकृती कोरलेला धातूचा जड तुकडा. पत्र्यावर शिशाचा गोळा ठेवून वरून हातोडीचे नेमके घाव घातले, की मऊ शिसे पत्र्याला ठशाच्या प्रत्येक खोबणीत दाबते आणि घोड्याच्या आयाळीपर्यंत सारे उमटते. त्यानंतर पत्रा राळेवर बसवून बारीक खिळ्यांनी डोळे, दागिने, वस्त्राच्या चुण्या स्पष्ट करतात. कडा कातरतात, मागचा पत्रा लावून डाक देतात. शेवटी रिठ्याच्या पाण्याने देवाला पहिले स्नान घडते, आणि तेही सोनाराच्याच हातून!

यातील खरे धन म्हणजे तो ठसा. सोनाराच्या घरात तो बापाकडून मुलाकडे येई. कोणत्या गावच्या, कोणत्या कुळाच्या देवाला कोणता ठसा लागतो, हे ज्ञान त्याबरोबरच येई. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि असंख्य सोनारांची बागेसरी थंड पडली. पुढे निर्बंध सैल झाले. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० साली रद्द झाला. पण ज्यांनी दरम्यान दुसरा उद्योग धरला, त्यांची मुले पुन्हा ऐरणीपाशी बसली असे नाही. जुने ठसे आज पुराणवस्तूंच्या बाजारात आणि संग्रहालयांच्या कपाटांत दिसतात. पाहणारे त्यांतील कलाकुसर वाखाणतात. तो ठसा कोणत्या घराण्याच्या देवाचा, हे सांगणारा मात्र जवळ उभा नसतो.

देवांच्या टाकांइतकेच, किंबहुना त्यांहूनही हृदयाला भिडणारे टाक आहेत ते घरातील माणसांचे. लढाईत पडलेला पूर्वज वीर होऊन देव्हाऱ्यात बसतो. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन बसतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी घरोघरचे वीर सजवून, वाजतगाजत गोदावरीवर नेतात. ज्यांच्या नावांचाही आता विसर पडला, त्या पूर्वजांना वर्षातून एकदा नातवा-पणतवांच्या हातांत नाचण्याचे भाग्य लाभते ते या दोन बोटांच्या पत्र्यामुळे. काही घरांत आणखी एक चाल होती. पहिली पत्नी निवर्तल्यावर दुसरी घरात आली, म्हणजे पहिलीच्या नावाचा छोटा टाक घडवून तो तिच्या गळ्यात घालीत. आजच्या दृष्टीला ही चाल विचित्र वाटेल. नव्या नवरीच्या मनावर त्या पत्र्याचे ओझे किती पडत असेल, असाही विचार मनात येतो. पण गेलेलीचे स्थान घरातून पुसले जाऊ नये, ही भावना त्यामागे होतीच. सोनाराने असे किती टाक मुकाट्याने घडविले असतील!

भावाभावांच्या वाटण्यांतही सोनाराला बोलावणे येते. पुष्कळ घरांत चूल वेगळी झाली तरी देव एकच राहतात. ते थोरल्याकडे असतात, आणि नवरात्राला, चंपाषष्ठीला धाकटे तेथे जमतात. बोलणे बंद असलेले भाऊ एका ताटातल्या देवापुढे एकत्र बसल्याची उदाहरणे आपल्या ओळखीच्या घरांतही सापडतील. पण नोकरीनिमित्त धाकटा दूर गेला, येणे-जाणे अवघड झाले, की तो थोरल्याच्या संमतीने स्वतःचे टाक घडवून घेतो. त्या वेळी जुने टाक समोर ठेवून त्यांवरहुकूम नवे करावयाचे असतात. देव तेच, आकृती तीच, देव्हारा दुसरा. एक घर खऱ्या अर्थाने दोन झाले, याची नोंद कोणत्याही कचेरीआधी सोनाराच्या पेढीवर होते. मुलींच्या वाट्याला हे देव येत नाहीत. गौरीहरापाशी पूजिलेली अन्नपूर्णा तेवढी त्यांच्याबरोबर सासरी जाते, आणि तीही बहुधा याच दुकानातून आलेली असते.

मागणीप्रमाणे वस्तू घडविताना माप कोणाचे घ्यावयाचे, या प्रश्नावर पंढरपूरच्या संत नरहरी सोनारांची कथा उभी आहे. शिवाचे ते अनन्य भक्त; विठ्ठलाचे दर्शन न घेण्याचा त्यांचा निश्चय. एका सावकाराने नवस फेडण्यासाठी विठ्ठलाचा सोन्याचा करगोटा त्यांच्याकडे घडावयास टाकला. त्यांनी सावकाराने आणलेल्या मापावरून तो घडविला. तो कधी सैल झाला, कधी अपुरा पडला. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून ते देवळात गेले आणि हातांनी चाचपून माप घेऊ लागले, तो हाताला लागले व्याघ्रांबर आणि सर्प. पट्टी सोडली तर समोर विठ्ठल! हरिहरांच्या ऐक्याची कथा म्हणून कीर्तनकार ती रंगवितात, ते योग्यच आहे. परंतु सोनाराला त्यात धंद्याचे एक जुने सत्यही दिसत असावे. दुसऱ्याच्या मापावर घडविलेली वस्तू देवाच्याही अंगाला बसत नाही. नरहरींनी पुढे बागेसरी, मूस, हातोडी ही आपल्या धंद्याची हत्यारेच भक्तीच्या रूपकांसाठी वापरली. माघ वद्य तृतीयेला त्यांची पुण्यतिथी असते.

आज बाजारात यंत्रावर काढलेले तयार टाक मिळतात. ते चकचकीत असतात, स्वस्त असतात आणि सारे एकसारखे असतात. ते घेण्यात पाप काहीच नाही. श्रद्धेने पूजिलेला कोणताही टाक देवच. अडचण निराळी आहे. नव्या घरात राहावयास गेलेले तरुण जोडपे दुकानात येते, आणि ‘देव कोणते’ या प्रश्नापाशी थांबते. “आई सांगायची काहीतरी,” असे उत्तर ऐकले, की जुना सोनार टाक दाखवीत नाही. गावी वडीलधाऱ्यांना विचारून या, असे सांगून परत पाठवितो. गिऱ्हाईक कायमचे जाण्याचा धोका पत्करून तो हे करतो, हे विशेष. म्हणून या नवरात्रात देव मांडताना घरातील मोठ्या बाईंना जवळ बसवून प्रत्येक टाकाचे नाव विचारून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. त्यांच्याइतके ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

देव उजळण्याविषयीही थोडे सांगावयास हवे. हवेतील गंधकाच्या अंशाने चांदी काळी पडते, तो काही तिचा दोष नव्हे. पण रांगोळीने वा राखेने दर सणाला घासघासून टाकांचे नाक-डोळे झिजतात, आणि दोन पिढ्यांत घोडा व स्वार एकच उंचवटा होऊन बसतात. चिंचेच्या कोळाने वा रिठ्याच्या पाण्याने, मऊ कापडाने हळुवार पुसावे.

तरीही टाक झिजतातच. अशा टाकांचे काय करावे, याच्या रीती घराघरांत वेगळ्या आहेत. कोणी ते वाहत्या पाण्यात विसर्जित करतात, कोणी कुलदैवताच्या पायांशी नेऊन ठेवतात. मोडीत मात्र ते कोणी घालू नयेत, आणि जाणता सोनार ते मोडीच्या भावाने घेतही नाही. काही घरे नवा टाक करताना जुना आटवून त्याचीच चांदी वापरतात. त्या वेळी सोनार गिऱ्हाइकाला समोर बसवून घेतो. जुना टाक मुशीत ठेवण्यापूर्वी त्याला हळदकुंकू वाहिले जाते. घरातील कोणी हात जोडते. मग तो फुंकणी उचलतो. चांदी वितळून मुशीत आरशासारखी लखलखू लागली, की नवा पत्रा ठोकावयास घेतो. शेजारी ठसा तयार असतो.