पसरणीचा उतार आणि आरडीचे दोन प्लग

पाचगणी सोडून पसरणी घाट उतरायला लागलं की राजदूत ३५०, म्हणजे आमची आरडी, कानांनी चालवावी लागते. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलच्याच वाटेनं; किती, ते इंजिनाचे फेरे आणि ॲक्सिलरेटर मिळून ठरवतात. ॲक्सिलरेटर पार सोडून गाडी गिअरमध्ये उतरू दिली तर फेरे चढलेले आणि ऑइल जेमतेम. अशानं पिस्टन धरतो. म्हणून आरडीवाले उतारावर मधूनमधून मनगटाला झटका देतात. खालच्या वळणावर ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगं मस्ती करतंय. खरं तर ते इंजिनाला ऑइल पाजत असतं.

पुढचा ब्रेकही ड्रमचाच. १९८३ पासून एस्कॉर्ट्सनं ही गाडी भारतात बनवली, तेव्हा यामाहाच्या मूळ आरडी ३५०बीची डिस्क मात्र आली नाही. ३४७ सीसी, एचटी (हाय टॉर्क) मॉडेलला साडेतीस हॉर्सपॉवर. एवढ्या ताकदीपुढे तापलेला ड्रम ढिला पडतो. वळण दिसायच्या आत गिअर पाडलेला बरा.

घाट उतरलं की मेणवलीच्या पुढे, धोमच्या रस्त्याला एका टपरीवर जुन्या गाड्या जमतात. ना बॅनर, ना वर्गणी. येझदी, आरएक्स १००, एखादी शोगन, आणि चहा.

या खेपेला एका तरुणाची आरडी आयडलला टिकेना. गप्पा थांबल्या. एका काकांनी दोन्ही प्लग काढून तळहातावर शेजारी-शेजारी ठेवले. उजवा छान चॉकलेटी, डावा पांढराफटक. म्हणजे डावीकडे कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. प्लग बसवून गाडी चालू केली आणि डाव्या कार्ब्युरेटरला इंजिनाशी जोडणाऱ्या रबरावर डब्ल्यूडी-४० मारलं. आवाज लगेच बदलला. रबर वाकवलं तर खालच्या अंगाला केसाएवढी चीर.

हे कुठल्या शोरूममध्ये कळायचं नाही. तीसहून जास्त वर्षांपूर्वीच बंद झालेली गाडी आज रस्त्यावर दिसते ती अशा तळहातांमुळे, असं मला मनापासून वाटतं. एकाच्या पिशवीतून जुनं पण धड रबर निघालं. पैशांचं नावही कुणी काढलं नाही.

“साठच्या वर नेऊ नको,” काका क्लिप आवळत म्हणाले, “आणि घरी पोचलास की डावा प्लग काढून बघ. पांढराच असला तर गाडी हलवू नको, मला फोन कर.”