एबी फॉर्मचा दिवस

सकाळी 6.30
पहिला फोन जुन्या जालन्यातून. "वकीलसाहेब, फॉर्म निघाला म्हणायलेत. पण कोणाच्या नावचा, ते कोणी सांगंना."

मंगळवार, 30 डिसेंबर 2025. महानगरपालिकेसाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस. जालना नगरपरिषदेची 2023 मध्ये महानगरपालिका झाली आणि त्यानंतरची ही पहिलीच निवडणूक : 16 प्रभाग, 65 जागा. नगरपरिषदेची मागची निवडणूक 2016 ची. मधली सगळी वर्षं थांबलेली माणसं आता एका कागदाची वाट पाहत होती.

सकाळी 8.00
ऑफिसात फायली लावल्या. मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, जातीचं प्रमाणपत्र, सूचकाचा मतदार यादीतला क्रमांक, 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांची माहिती. एवढं उमेदवाराच्या हातात असतं. एबी फॉर्म नसतो. 'ए'मध्ये पक्ष सांगतो की उमेदवारी देण्याचा अधिकार आमच्या अमुक पदाधिकाऱ्याला आहे, आणि हा त्यांच्या सहीचा नमुना. 'बी'मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव लिहितो. पर्यायी उमेदवारासाठीही त्यातच जागा असते, म्हणजे मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर चिन्ह याला. दोन्ही कागद शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत.

सकाळी 11.00
कोर्टात दोन प्रकरणं होती, दोन्हींत पुढची तारीख घेतली.

दुपारी 1.40
आमच्या ताईंचा बी फॉर्म आला. ताई म्हणजे पाण्यासाठी रिकामे हंडे घेऊन पालिकेवर धडकणाऱ्या बायांमध्ये कायम पुढे असणारी बाई. आणणारा पोरगा घामाघूम, कागद शर्टाच्या आत. मी तो उजेडाकडे तिरका धरला. पेनाची सही असेल तर मागच्या बाजूला बोटाला दाब लागतो, रंगीत झेरॉक्सला लागत नाही. दाब लागला. मग प्रभाग क्रमांक, जागेचं अक्षर, नाव. नावात वेलांटी चुकलेली होती, पण मतदार यादीशी जुळवता येण्याजोगी. खाडाखोड नव्हती. ताई म्हणाल्या, "आता काही राहिलं का?" म्हटलं, पोच राहिली. पोचेवर वेळ टाकून घ्या, मिनिटासकट.

दुपारी 2.25
ताईंचा कागद आत गेला, आणि बाहेर बातमी आली की त्याच जागेसाठी त्याच पक्षाचा दुसरा बी फॉर्म तासाभरापूर्वीच दाखल झालाय. सही त्याच पदाधिकाऱ्याची.

लोकसभा-विधानसभेसाठीच्या 1968 च्या चिन्ह आदेशात यावर 13-अ हा परिच्छेद आहे. पक्षाला उमेदवार बदलता येतो, पण नव्या फॉर्ममध्ये आधीचा रद्द केल्याचं स्पष्ट लिहावं लागतं आणि तेही 3 च्या आत. तसं लिहिलं नसेल, तर ज्याचा उमेदवारी अर्ज आधी दाखल झाला त्याला चिन्ह. स्थानिक निवडणुकीला राज्य निवडणूक आयोगाचे स्वतःचे आदेश आहेत, पण दोन फॉर्मचा वाद उभा राहिला की आम्ही हाच धागा धरतो. ताईंच्या फॉर्मवर रद्द केल्याची ओळ नव्हती. पोरगा पक्षाच्या लोकांना फोन लावत राहिला. कोणी उचलला नाही.

दुपारी 3.00
दार बंद. आतल्यांना चिठ्ठ्या मिळाल्या. बाहेर राहिलेला एक जण पोलिसाला हात जोडत होता. त्याच्याकडे अर्ज होता, फॉर्म होता, फक्त वेळ नव्हती.

संध्याकाळी 5.00
ऑफिसात गर्दी. सगळ्यांचा एकच प्रश्न : हायकोर्टात जायचं का? छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ साठेक किलोमीटरवर. तासा-दीड तासात पोचू, पण पोचून हाती काय लागेल? नमक्कलच्या पोन्नुस्वामींचा अर्ज छाननीत बाद झाला होता. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं की निवडणूक सुरू झाली की मध्येच कोर्टाचं दार नाही, निकालानंतर निवडणूक याचिका करा. 74 व्या घटनादुरुस्तीने 243-झेडजी कलमात नगरपालिकांनाही तीच चौकट घातली. नगरपरिषदेत निदान जिल्हा न्यायालयात अपील होतं. ती अपिलं उशिरा निकाली निघाली म्हणूनच राज्यात काही ठिकाणचं मतदान 2 डिसेंबरवरून 20 डिसेंबरवर गेलं. महानगरपालिकेत तीही सोय नाही. महानगरपालिका कायद्याच्या कलम 16 प्रमाणे निकालानंतर 10 दिवसांत याचिका, आणि मग तारखा.

ही बंदी मला मान्य आहे. प्रत्येक अर्जावर स्थगिती मिळायला लागली तर कुठलीच निवडणूक पार पडणार नाही. मला मान्य नाही ते पक्षांचं वागणं. नावं आधी ठरलेली असतात. फॉर्म दाबून ठेवतात तो नाराज माणसाला दुसरीकडे जायला वेळ मिळू नये म्हणून. एकाच जागेसाठी दोघांना फॉर्म देतात तो कोणालाच तोंडावर 'नाही' म्हणायला नको म्हणून. त्याच आठवड्यात पुण्यात धनकवडीकडे एका पक्षाचे दोन फॉर्म निघाले आणि एकाने दुसऱ्याचा फाडून गिळल्याचा आरोप झाला. लोक हसले. मला त्यात फसवलेली दोन माणसं दिसली. कायद्याला पक्षाची सही कळते, तिच्यासाठी वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारा कळत नाही. म्हणून फॉर्म अर्जाच्या पहिल्या दिवशीच देणं पक्षांवर बंधनकारक व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री 9.30
उद्याच्या छाननीसाठी ताईंचं लेखी म्हणणं तयार केलं. आधार 1999 चा, राकेश कुमार विरुद्ध सुनील कुमार. त्यातही एका पक्षाच्या दोन दावेदारांचा वाद होता, आणि आक्षेपाला उत्तर द्यायला वेळ मागणाऱ्याचा अर्ज तडकाफडकी फेटाळणं सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं. तेव्हा आमची पहिली मागणी मुदतीची. दुसरी अशी, की पक्षाचा फॉर्म ग्राह्य धरला नाही तरी बाकी अटी पूर्ण असल्याने अर्ज अपक्ष म्हणून ठेवावा.

रात्री 11.00
ताईंचा फोन. "अपक्ष लढायचं झालं तर चिन्ह कोणतं मागू?" म्हटलं, आधी छाननी होऊ द्या. पोच आणि मूळ कागद बरोबर आणा, लेखी म्हणण्याच्या दोन प्रतींवर सह्या करा. आणि 2 जानेवारीपर्यंत अर्ज मागे घ्या म्हणून कोणी घरी आलं, तर मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका.