सूर लागतो, स्टेशन लागतं, मिरच्याही लागतात

एक छोटा प्रयोग करून बघा. पुढची तीन वाक्यं मनात म्हणा: ‘तिने तंबोरा लावला.’ ‘तिने रेडिओ लावला.’ ‘तिने मिरची लावली.’ तिन्ही वाक्यं साधी आहेत आणि अर्थ कळायला क्षणही लागत नाही. (बघा, इथेही ‘लागत’ आलंच!) पण पहिल्या वाक्यात तारा सुरात आणल्या, दुसऱ्यात यंत्र चालू केलं आणि तिसऱ्यात रोप मातीत रोवलं. मग ‘लावणे’ हा एक शब्द आहे की तीन?

माझं पीएचडीचं काम साधारण याच प्रश्नाभोवती फिरतं. उदाहरणं मुद्दाम नंदुरबारची घेतो, कारण मिरचीच्या या बाजारपेठेत शेती, गाणं आणि रेडिओ यांचे शब्द एकमेकांत चांगलेच मिसळलेले आहेत.

आधी एक फरक समजून घेऊ. ‘पावरी’ हा शब्द घ्या. धडगाव-शहादा भागातल्या सातपुड्यात पावरा समाजाची भाषा म्हणजे पावरी. कोकणा समाजात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजतं ते भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं फुंकवाद्यही पावरीच. या दोन अर्थांना जोडणारा धागा बोलणाऱ्याच्या मनात नसतो. दोन वेगळे शब्द, रूप मात्र एकच. याला आपण समरूपता म्हणू. ‘लावणे’चं तसं नाही. तिथे अर्थ वेगळे असले तरी एकमेकांचे नातेवाईक आहेत: एखादी गोष्ट तिच्या योग्य जागी नेऊन बसवणे. ही झाली अनेकार्थता.

पण अर्थ खरोखर वेगळे आहेत, हे ठरवायचं कसं? दोन सोप्या कसोट्या आहेत.

पहिली, जोडून बघायची. ‘तिने सकाळी शेतात मिरची लावली आणि घरात रेडिओ.’ हसू आलं ना? एकच क्रियापद दोन अर्थांना जुंपलं की वाक्य विनोदी होतं. हसू आलं म्हणजे अर्थ वेगळे.

दुसरी, उलट शब्द शोधायचा. लावलेला रेडिओ आपण बंद करतो, लावलेलं रोप उपटतो, आणि लावलेला तंबोरा उतरतो. तीन उलट शब्द, म्हणजे तीन अर्थ. आता गंमत बघा. जुन्या रेडिओवर खुंटी फिरवून लावलेलं स्टेशन ‘सरकायचं’. म्हणजे ‘स्टेशन लावणे’ हे ‘रेडिओ लावणे’पेक्षा ‘तंबोरा लावणे’च्या जास्त जवळचं आहे! दोन्हीकडे कान देऊन, पिळून, हवी ती जागा सापडेपर्यंत थांबायचं.

म्हणूनच ‘लागणे’सुद्धा दोन्हीकडे सारखंच वागतं. ‘तंबोरा लावला, पण सूर लागेना.’ ‘रेडिओ लावला, पण जळगाव लागेना.’ लावणं आपल्या हातात, लागणं नाही. भूक, तहान, ठसका, झाडाला मिरच्या, सगळं आपोआप ‘लागतं’. आणि इथलं ‘जळगाव’ म्हणजे गाव नव्हे, तर १९७६ मध्ये सुरू झालेलं आकाशवाणीचं जळगाव केंद्र. गावाच्या नावाने केंद्र ओळखणं हीसुद्धा अर्थ वाढण्याचीच एक वाट.

मोल्सवर्थच्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं प्रसारण सुरू झालं १९२७ मध्ये. मधल्या ७० वर्षांत यंत्र नवं आलं, पण त्यासाठी मराठीने नवं क्रियापद घडवलं नाही, जुनंच कामाला लावलं. ‘आकाशवाणी’चंही तेच. कंसाला देवकीच्या आठव्या मुलाबद्दल सावध करणारी आकाशवाणी पुराणातली. १९३५ मध्ये म्हैसूरच्या गोपालस्वामींच्या केंद्रामुळे ती रेडिओवर आली.

आता जरा अवघड शब्द: ‘पट्टी’. गवई म्हणतो, ‘माझी पट्टी काळी चार.’ बातम्यांच्या वाहिनीवर पडद्याच्या तळाशी सरकते ती पट्टी. ग्रामपंचायतीत भरतो ती घरपट्टी. आणि बाजारात मिरची विकल्यावर वजन, भाव, हमाली लिहून हातात येते तीही पट्टी. ‘यंदा पट्टी खाली आली’ हे गायकाने म्हटलं तर आवाजाचं दुखणं, शेतकऱ्याने म्हटलं तर वर्षाचं गणित कोलमडलं.

तुम्ही-आम्ही हे संदर्भावरून ओळखतो. यंत्राला मात्र शेजारचे शब्द मोजून अंदाज बांधावा लागतो. ‘पट्टी’जवळ ‘हार्मोनियम’ आणि ‘सूर’ असतील तर गाणं, ‘हमाली’ आणि ‘क्विंटल’ असतील तर बाजार. हा अंदाज बरोबर यायला दोन्हीकडचा भरपूर मजकूर लागतो. पुस्तकांत गाण्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं, पण बाजारातलं बोलणं फारसं कुणी लिहून ठेवत नाही.

आणि हा प्रश्न मराठीपाशी थांबत नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाचे भाषिक १ कोटीहून जास्त आहेत, तरी या भाषांत छापील मजकूर थोडा. शेतीचा सल्ला किंवा औषधाची सूचना भिली-पावरीत न्यायची तर ती बहुतेकदा मराठीमार्गेच जाणार. ‘मात्रा’ म्हणजे तालाची, अक्षरावरची की औषधाची, हे मराठीतच चुकलं तर पुढच्या भाषेत दुरुस्त करायला कुणी नसतं. घरी पावरी बोलून आश्रमशाळेत येणारं मूलही ‘मात्रा’ पहिल्यांदा भेटतं ते अक्षराच्या डोक्यावर. बाकीचे अर्थ त्याला कुणीतरी सांगावे लागतात. ते गृहीत धरून चालत नाही.

म्हणून अशा शब्दांची यादी करताना मी प्रत्येक अर्थापुढे तो कुठे ऐकू येतो तेही लिहितो: शेतात, बाजारात, बैठकीत, रेडिओवर. उद्या दिवसभरात तुमच्या तोंडी ‘लावणे’ किती अर्थांनी येतं ते मोजून बघा. दहाच्या खाली आकडा आला, तर दिवस फारच शांत गेला असं समजा.